कात्री काचेत नको

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आमचे मालक आणि मालकापेक्षा जास्त आमचे अण्णा, माननीय चनबसप्पा बिराजदार. त्यांच्या शेजारी बसलेले आमचे व्यवस्थापक, माननीय हृषीकेश पाठक साहेब. ज्यांच्यासाठी आज हे सभागृह भरलंय त्या सत्कारमूर्ती, माननीय शकुंतलाबाई क्षीरसागर. समोर बसलेले माझे चालक बंधू, वर्कशॉपची मंडळी, घरोघरून आलेल्या माता-भगिनी, आणि भजी तळायला लागल्यापासून ज्यांचे कान इकडं आणि नाक मागच्या दाराकडं आहे असे सर्व रसिक श्रोते, तुम्हा सगळ्यांना माझा मनापासून नमस्कार.

मी धुळाप्पा वाघमोडे. अण्णांच्या ट्रेलरवर चालक. चालकांच्या वतीनं दोन शब्द कुणी बोलायचे हे ठरवायला बैठक झाली तेव्हा मी पाइप घेऊन परभणीला गेलो होतो. जो बैठकीला नसतो त्याच्याच गळ्यात माळ पडते, हा आपल्याकडचा जुना नियम आहे. हृषीकेश साहेबांनी बजावलंय की व्हिडिओ काढतोय, शुद्ध बोला. मी प्रयत्न करतो. मध्येच हाय-न्हाय निघालंच, तर कॅमेरावाल्या दादांनी कॅमेरा जरा पंख्याकडं फिरवावा. आणि अण्णा, तुमची मायबोली कन्नड. भाषण लांबलं की तुम्ही हळूच ‘साकु’ म्हणता, म्हणजे पुरे. आजच्या दिवस तेवढं म्हणू नका ही नम्र विनंती.

इथं काही पाहुणे असे आहेत की ज्यांनी ट्रेलर लांबूनच बघितलाय, आणि लांबूनच बघावा. साध्या ट्रकला चारी बाजूंनी फाळके असतात. माल हलला तरी आतल्या आत हलतो. आमची गाडी म्हणजे चाकं लावलेला पाट. त्या पाटावर लोखंडी पाइप बसतात, पत्र्याची गुंडाळी बसते, अकलूजकडच्या साखर कारखान्याचा ऊस पिळायचा रोलर बसतो. आता हे सगळं जाग्यावर कशानं राहतं? चार बोटं रुंदीच्या पट्ट्यानं, साखळीनं, आणि देवाच्या दयेनं. यातली देवाची दया आम्ही चालक मंडळी पहिल्यापासून जरा जास्तच वापरत आलो. ती फुकट मिळते ना. शकुंतलाबाई आल्या आणि त्यांनी आम्हाला पट्टा वापरायला लावला.

बाई मुळात टॉवेलच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होत्या. दिवसभर टॉवेल डोळ्यांखालून घालायचा, विणीत कुठं धागा तुटलाय ते बघायचं. तो कारखाना बंद पडला आणि अण्णांनी त्यांना आपल्या स्टोअरमध्ये घेतलं. काम काय, तर चालकांना पट्टे द्यायचे आणि आले की परत ठेवून घ्यायचे. इतकंच. पण बाईंचा हात टॉवेलला सवकलेला. त्या प्रत्येक पट्ट्याच्या काठावरून अंगठा फिरवायच्या. मग एक दिवस त्या स्टोअर सोडून गेटवर येऊन उभ्या राहिल्या, हातात शिंप्याची भली मोठी कात्री. बाहेर पडणारी गाडी थांबवायची, पट्ट्याच्या काठावरून अंगठा फिरवायचा, आणि कुठं धागे उभे राहिलेले लागले की कच्. दोन तुकडे. आम्ही म्हणायचो, बाई, गाठ मारून चालवला असता की. त्या म्हणायच्या, ‘गाठीत पट्टा स्वतःलाच चावतो. आणि पट्टा मधून मरत नाही, काठातून मरतो. टॉवेलसुद्धा तसाच मरतो.’

आता तुम्हीच सांगा, हे ऐकून चालकाला राग येणार का न्हाय? आम्ही त्यांचं नाव ठेवलं कात्रीबाई. युनियननं अण्णांकडं मागणी केली की बाईंच्या हातातली कात्री काढून घ्या. अण्णा म्हणाले, ‘बघू.’ अण्णांचं ‘बघू’ म्हणजे काय, ते इथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. हसू नका अण्णा, तुम्हालाही माहीत आहे.

बाई मात्र भाषणाकडं लक्ष देत नाहीत. मी आल्यापासून बघतोय, त्यांची नजर सारखी वर जातेय. एवढं स्तुतीचं बोलतोय, तर बाई छत बघतायत. असू दे. निरोपाच्या दिवशी माणसाचं मन कुठं कुठं जातं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्या बोलण्याचा रोख तुम्हाला कळेल. परवा गुरुवारी बाईंनी मला गेटवर हाक मारली आणि कात्री पुढं केली. म्हणाल्या, ‘धुळाप्पा, सोमवारपासून ही तुम्ही घ्या.’ मी म्हटलं, ‘मी? बाई, मी चाकावरचा माणूस. गेटवर स्टूल टाकून काय करू? अजून चार वर्षं गाडी चालवायचीय मला.’ बाई ‘बरं’ म्हणाल्या. त्यांनी आग्रह केला असता तर मला भांडता तरी आलं असतं. तर मुद्दा असा, की आज शनिवार, उद्या रविवार, आणि सोमवारी सकाळी गेटवर कात्री घेऊन कोण उभं राहणार, हे या सभागृहात कुणालाच माहीत नाही. गेले दोन दिवस मला जेवण गोड लागेना. आमच्या मंडळी तिसऱ्या रांगेत बसल्यात, गुरम्मा, त्या साक्ष देतील.

गुरम्माचं नाव निघालं म्हणून चहाचा किस्सा. माल बांधून गाडी निघाली की पहिल्या काही मैलांत माल बसतो आणि पट्टे ढिले पडतात. घरातनं निघताना घट्ट वाटलेलं धोतर एसटी स्टँडवर ढिलं होतं, तसं. म्हणून बाईंचा दंडक होता, होटगीच्या पुढं पहिल्या टपरीवर गाडी थांबवायची, उतरून सगळे पट्टे परत आवळायचे, मग स्वतःचा चहा. ‘पहिला चहा पट्ट्याचा, दुसरा तुमचा.’ आणि गाडी तिथं पोचायच्या वेळेला बाईंचा बरोबर फोन यायचा, ‘चहा झाला का?’ एवढंच. आपण ‘झाला’ म्हटलं की फोन बंद.

एकदा मी फोन घरी विसरलो. व्हायचं तेच झालं. फोन वाजला, गुरम्मानं उचलला. तिकडून बाईमाणसाचा गोड आवाज, ‘चहा झाला का?’ मी परत आलो तेव्हा दारात पाणी नाही, चूल थंड. म्हणते, ‘कुणाच्या हातचा चहा पिताय ते तरी कळू द्या.’ मी शंभर वेळा सांगितलं, अगं पट्ट्याचा चहा, पट्ट्याचा. ती म्हणते, ‘पट्टा चहा पितोय व्हय? येडी समजलाय का मला?’ शेवटी बाईंना स्वतः माझ्या घरी यावं लागलं. आणि आल्या त्या काय घेऊन आल्या? एक फाटका पट्टा. माझ्या बायकोच्या हातात देऊन म्हणाल्या, ‘काठावरून अंगठा फिरवा.’ तिनं फिरवला. तेव्हापासून मी घरातून निघताना गुरम्मा डबा देते आणि विचारते, ‘पट्टे बघितले का?’ म्हणजे एक कात्री गेटवर आणि एक घरात. दोन्हीकडनं कापला गेलो.

आता जो किस्सा सांगितल्याशिवाय हा समारंभ पुरा होणार नाही, तो खंडेनवमीचा. माझे उस्ताद वीरभद्रप्पा. त्यांनी मला स्टिअरिंग धरायला शिकवलं. म्हातारपणी घरच्या खाटेवर, नातवंडांच्या घोळक्यात गेले. चालकाला असं मरण मिळणं म्हणजे मोठं भाग्य. त्यांचा एक पट्टा माझ्याकडं आला. मूळचा तांबडा, उन्हानं गुलाबी झालेला. कुठलाही माल असो, पहिला पट्टा उस्तादांचा, मग बाकीचे. त्या पट्ट्यानं मला कधी दगा दिला नाही, त्यामुळं तो पट्टा नव्हताच, तो माझ्यासाठी उस्तादच होता. बाईंच्या अंगठ्याखाली मी तो कधी येऊ दिला नव्हता. देवाचा म्हणून सांगायचो. बाई देवाला मानतात, गप्प बसायच्या.

खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. त्या दिवशी हत्याराला विश्रांती, कुणी कशाला हात लावत नाही. यार्डात ताडपत्री अंथरलेली, तिच्यावर पाने, जॅक, साखळ्या, धुतलेले पट्टे ओळीनं मांडलेले, झेंडूची फुलं, नारळ. बाईंची कात्रीसुद्धा त्याच ओळीत. उस्तादांच्या पट्ट्याला मी हळदकुंकू अंमळ जास्तच लावलेलं. बाई नैवेद्याचं ताट घेऊन आल्या. ओळीनं नमस्कार करत करत माझ्या पट्ट्याशी वाकल्या, आणि सवयीनं अंगठा फिरला. कुंकू अंगठ्याला आलं आणि खालचे धागे उभे राहिले. बाईंनी ताट खाली ठेवलं, पूजेतली आपली कात्री उचलली, कपाळाला लावली, आणि कच्.

सगळं यार्ड गार. खंडेनवमीच्या दिवशी, पूजेतल्या हत्यारानं, पूजेतलं हत्यार कापलं. वर्कशॉपच्या निंगप्पाच्या हातातला नारळ तसाच हातात. बाई शांतपणे म्हणाल्या, ‘पूजा कामावरच्या हत्याराची करतात. ह्याचं काम संपलंय. ह्याला निरोप द्या, नैवेद्य कशाला?’

मी चिडलो. तसा मी गरीब माणूस, पण त्या दिवशी लई चिडलो. म्हटलं, उद्या दसरा आहे, उद्या सगळ्यांसमोर दाखवतो ह्याचं काम संपलंय का न्हाय ते. दुसऱ्या दिवशी सोनं लुटायच्या आधी सगळी मंडळी यार्डात जमली. पट्ट्याचा उरलेला लांब तुकडा, तोच उभ्या धाग्यांचा काठ असलेला, एका टोकानं लिंबाच्या झाडाला बांधला, दुसरं टोक पाण्याच्या टँकरच्या ट्रॅक्टरला. ट्रॅक्टरवर निंगप्पा. ओढ म्हटलं. ट्रॅक्टर गुरगुरला, झाडाची पानं गळली, पट्टा ताणला, वाजायला लागला, आणि तुटला नाही. मंडळी, तुटला नाही. सगळ्यांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी रिकामा डबा वाजवायला घेतला. माझी छाती एवढी झाली. मी बाईंकडं वळून म्हटलं, ‘काय बाई?’

बाई म्हणाल्या, ‘चांगला आहे. आता परत ओढा.’ आणि पुढं येऊन ताणलेल्या पट्ट्याच्या शेजारी मातीत पायानं एक रेघ मारली. ‘धुळाप्पा, तुम्ही इथं उभे राहा. मग ओढा.’

मी निघालो की. दोन पावलं टाकली. आणि पाय थांबले. कुणी थांबवलं नाही, आपोआप थांबले. मी मागं बघितलं, तर डबा वाजवणारासुद्धा भिंतीपर्यंत मागं सरकलेला. ट्रॅक्टरवर बसलेला निंगप्पा हळूच खाली उतरला. म्हटलं, ‘का रं, का उतरलास?’ तर म्हणतो, ‘तसंच. पाय मोकळं कराया.’ बाई काही हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, ‘मग ह्याच पट्ट्याकडं पाठ करून, केबिनमध्ये, रोज कोण बसतं?’

मी उत्तर द्यायच्या ऐवजी आपट्याची पानं काढली आणि बाईंच्या हातात दिली. त्या म्हणाल्या, ‘सोन्यासारखं राहा.’ तो गुलाबी तुकडा आज आमच्या अंगणात आहे. गुरम्मा त्याच्यावर गोधड्या वाळत घालते. उस्ताद उन्हात निवांत आहेत, त्यांच्यावर कसलाही भार नाही.

तर अशा या आमच्या बाई. हृषीकेश साहेबांनी त्यांच्यासाठी जी भेट आणलीय ती मी मघाशी टेबलावर बघितली. लाकडी चौकट, आत तांबडं मखमल, वर काच, आणि मखमलीवर बाईंची कात्री. सोनेरी अक्षरांत नाव. साहेब, फार सुंदर झालंय. तुमच्या मनात आदरच आहे, ह्यात शंका नाही. आणि सोमवारपासून काय, तर म्हणे प्रत्येक चालकानं निघायच्या आधी आपापल्या पट्ट्याचा फोटो काढून मोबाइलवर टाकायचा, ऑफिसात बघतील. साहेब, तुम्ही शिकलेले आहात, आम्ही तुमच्याकडून लोकेशन टाकायला शिकलो, गुणच घेतो तुमचा. पण एक विचारू? स्थळ बघताना फोटो पहिला पाठवतात, हे खरं. पण पसंती फोटोवर देतात, का घरी जाऊन पोहे खाऊन देतात? फोटोत माझा उस्तादांचा पट्टासुद्धा नवरदेवासारखा दिसला असता. कुंकवाखाली काय आहे ते अंगठ्याला कळतं.

आता बघा. बाई परत वर बघतायत. बाई, काय आहे वर? पंखा तर बंद आहे.

थांबा जरा. एक मिनिट. मंडळी, तुम्ही सगळे वर बघा. हा जो मोठा फ्लेक्स लावलाय, ‘निरोप समारंभ’ लिहिलेला, त्याला लोखंडी चौकट आहे. चौकट कशानं टांगलीय? आपल्याच पट्ट्यानं. आणि त्या डाव्या बाजूला काय दिसतंय? गाठ. कुणी बांधली ते विचारत नाही, चारपाच माना खाली गेल्यात तेवढं पुरे. आणि त्या गाठीच्या बरोबर खाली कोण बसलंय? अण्णा, घाबरू नका. खुर्ची जरा पुढं घ्या. आणखी पुढं. साहेब, तुम्हीही. बाई, तुम्ही तर मघापासूनच खुर्ची तिरकी करून बसलाय, ते आत्ता कळलं मला. निंगप्पा, शिडी आण आणि दोघंजण घेऊन चौकट आधी अलगद खाली घे. अलगद. गाठीला हात लावू नको.

अण्णा, मी बोलत राहतो, तुम्ही खुर्चीवर नीट बसा.

मंडळी, या सभागृहात जन्मभर पट्टे बांधणारे किती चालक बसलेत, बघा आजूबाजूला. आणि आम्ही सगळे तासभर त्या गाठीखाली टाळ्या वाजवत बसलो. वर एकटीच्या डोळ्यांनी बघितलं, आणि तिला आपण आज नारळ देऊन घरी पाठवतोय. बाई, तुम्ही बोलला का नाहीत, ते मी आता विचारत नाही. मला वाटतं, आपल्यातलं कुणीतरी वर बघतंय का, हे तुम्ही बघत होता. आणि मी वर बघायला तासभर लावला. मला आत्ता खरंच भीती वाटली, आणि ती अण्णांच्या डोक्याची नव्हती. त्या मागच्या बाकावरच्या नव्या पोरांची होती, जी सोमवारी सकाळी बुटीबोरीचा माल घेऊन निघणार आहेत. त्यांना गेटवर कुणी थांबवणार नाही.

गुरुवारी मी बाईंना अजून एक विचारलं होतं, ते मघाशी सांगितलं नाही. मी विचारलं, ‘इतके चालक आहेत, मलाच का?’ तर म्हणाल्या, ‘पट्टा कापला जाताना पोटात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. ज्याला माहीत आहे त्यानंच कापावा. नाहीतर कात्रीला मस्ती चढते.’

हृषीकेश साहेब, माझी एक विनंती आहे. ही भेटीची चौकट उघडूया. मखमल बाईंच्या घरी जाऊ द्या, नाव जाऊ द्या, त्याच्यात त्यांच्या नातीचा फोटो लावा, पण कात्री काचेत नको. काय म्हणता? माईकमध्ये म्हणा, व्हिडिओ चालू आहे. साहेब ‘हो’ म्हणाले, ऐकलं सगळ्यांनी. निंगप्पा, शिडीवरनं उतरलास का? तुझ्या खिशात स्क्रूड्रायव्हर असेलच. असणारच, तू लग्नालाही घेऊन जातोस. उघड ती.

अण्णा, माझी गाडी दुसऱ्या कुणाला तरी द्या. चांगली आहे, डावा आरसा तेवढा थरथरतो. सोमवारपासून गेटवर मी उभा राहतो. चार वर्षं उरली होती ती चाकावर काढायची होती, आता गेटवर काढतो. गुरम्मा, डोळे पुसू नको, रोज संध्याकाळी घरी आलो की आठ दिवसांत कंटाळशील. आणि चालक बंधूंनो, तुमची शिवी मी आधीच ऐकलीय. कात्रीबाईच्या जागी कात्रीबुवा म्हणाल. म्हणा. पण होटगीच्या पुढं फोन उचला, कारण ‘चहा झाला का’ हे आता मी विचारणार आहे, आणि माझा आवाज काही गोड नाही.

बाई, कात्री तुमच्या हातानं द्या. हां. जड आहे की. आता ती फ्लेक्सची चौकट खाली आलीय, अण्णा बाजूला आहेत, सगळे सुखरूप आहेत. तर पहिलं काम तुमच्या देखत करतो. ही गाठ. दोन्ही बाजूंनी, तुम्ही करता तसं. कच्. आणि हे दुसऱ्या बाजूनं, कच्. बरोबर झालं का बाई? बाई अंगठा फिरवून बघतायत. मान हलवली. पास झालो.

आता समारोप. अध्यक्ष महोदयांनी खुर्ची सरकवावी लागूनही ‘साकु’ म्हटलं नाही, त्यांचे आभार. हृषीकेश साहेबांनी आणलेली भेट आम्ही आणल्या आणल्या मोडली, त्यांनी मन मोठं केलं, त्यांचे आभार. भजी गार होत असूनही तुम्ही बसून राहिलात, तुमचे सगळ्यांत जास्त आभार. बाई, तुम्हाला आम्ही काय देणार? तुम्ही घरी निवांत झोपा. सोमवारी सकाळी वर कोण बघतंय, ह्याची काळजी करू नका.

बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, लहान तोंडी मोठा घास घेतला असेल, तर उदार मनानं क्षमा करा. आणि जिथं माझं चुकलं असेल तिथं सरळ कात्री लावा. गाठ मारून पुढं चालवू नका.

नमस्कार.